सराव पेपर सोडवल्याने लक्षात राहतं, की नुसतं किती येतं ते कळतं?

औसा_रोड

परीक्षा सरळसेवेची आहे, पण प्रश्न स्मरणशक्तीचा आहे. अभ्यासिकेत दोन पंथ पडलेत. एक म्हणतो, पुस्तक आधी चार वेळा पालथं घाला, पाठ झालं की मग पेपर; कच्चं असताना पेपर सोडवला की चुकीचंच डोक्यात बसतं. दुसरा म्हणतो, पेपर सोडवता सोडवताच पाठ होतं. मजकूर सगळा सुट्या माहितीचा: कोणतं धरण कोणत्या नदीवर, कोणता जिल्हा कधी झाला, वेरूळची कितवी ते कितवी लेणी कोणत्या धर्माची, विद्यापीठांच्या स्थापनेच्या तारखा. परीक्षा तीन महिन्यांवर आहे असं धरा. म्हणून विचारायलो:

१) परीक्षा दिल्याने खरंच लक्षात राहतं का, की फक्त मोजमाप होतं?
२) राहत असेल तर रोज किती करायचं आणि किती दिवसांनी परत घ्यायचं?
३) चुकीचं उत्तर डोक्यात बसतं ही भीती खरी का?

"कॉन्फिडन्स ठेवा भाऊ" छापाची उत्तरं नकोत, ती अभ्यासिकेत फुकट मिळतेत.

पाटीपेन्सिल

राहतं. आणि थोडंथोडकं नाही.

यावरचा सगळ्यात जास्त सांगितला जाणारा प्रयोग २००६ चा आहे. अमेरिकेत सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांनी केला. विद्यार्थ्यांना छोटे उतारे दिले, एक सूर्यावर, एक समुद्री पाणमांजरांवर. सात मिनिटं वाचायला. त्यानंतर एका उताऱ्याला आणखी सात मिनिटं वाचन; दुसरा उतारा मात्र काढून घेतला, हातात कोरा कागद दिला आणि आठवेल तेवढं लिहायला सांगितलं. लिहिलेलं तपासूनही दिलं नाही. मग शेवटची परीक्षा, कुणाची पाच मिनिटांनी, कुणाची दोन दिवसांनी, कुणाची आठवड्याने.

पाच मिनिटांनी दुसऱ्यांदा वाचलेला उतारा पुढे होता, ८१ टक्के आठवला. लिहून काढलेला ७५. दोन दिवसांनी पारडं फिरलं, ५४ आणि ६८. आठवड्याने ४२ आणि ५६.

त्याच अभ्यासातला दुसरा प्रयोग जास्त बोलका आहे. एका गटाने चारही सत्रांत नुसतं वाचलं. दुसऱ्याने एका सत्रात वाचलं आणि पुढची तिन्ही सत्रं आठवून लिहिलं. पहिल्या गटाचा उतारा एकूण सुमारे १४ वेळा वाचून झाला होता, दुसऱ्याचा जेमतेम तीन-चार वेळा. आठवड्याने वाचणाऱ्यांना ४० टक्के आठवलं, लिहिणाऱ्यांना ६१. गंमत अशी की आठवड्याने किती लक्षात राहील हे आधीच विचारलं तेव्हा चार वेळा वाचणारेच जास्त छातीठोक होते. तुमच्या पहिल्या पंथाचं नेमकं हेच होतं. चौथ्यांदा वाचताना ओळी ओळखीच्या वाटतात, डोळे घसरत जातात, आणि माणूस ओळखीलाच पाठांतर समजतो. पेपरात ओळ समोर नसते.

हा काही कालपरवाचा शोध नाही. आर्थर गेट्सने १९१७ मध्ये शाळकरी मुलांवर पाहिलं होतं की व्यक्तींच्या चरित्रातली माहिती पाठ करायची तर वेळेचा निम्म्याहून जास्त, साधारण ६० टक्के भाग पुस्तक मिटून म्हणून बघण्यात घालवणं फायद्याचं. १९३९ मध्ये हर्बर्ट स्पिट्झरने अमेरिकेच्या आयोवा राज्यात सहावीच्या ३,६०५ मुलांवर हेच तपासलं. मजकूर लगेच विचारला गेला तर टिकला, आणि पहिली परीक्षा जितकी लांबली तितकं आधीच सांडून गेलं. आपल्याकडचे पाढे म्हणून घेणारे मास्तर अगदीच चुकत नव्हते. फक्त सगळा वर्ग एका सुरात म्हणायचा, तिथं गळती होती.

असं का होतं? विहिरीत पाणी असणं वेगळं आणि पोहरा तिथपर्यंत पोचणं वेगळं. वाचन पाणी भरतं. आठवण्याचा प्रयत्न दोर लांब करतो. पुस्तक उघडं असेल तर पोहरा सोडायची वेळच येत नाही, दोर तेवढाच राहतो. म्हणूनच आठवताना थोडं अडणं, कपाळाला आठ्या पडणं हे वाईट लक्षण नाही. अलगद आलेल्या उत्तरापेक्षा ओढून काढलेलं उत्तर पुढे जास्त टिकतं. रॉबर्ट बियॉर्क या मानसशास्त्रज्ञाने अशा अडचणींना 'हव्याशा अडचणी' असं नाव दिलंय.

एक मर्यादा लगेच सांगते. काहीच आठवत नसेल आणि उत्तरही बघायला मिळत नसेल, तर असली परीक्षा पोकळ. रिकाम्या विहिरीत पोहरा सोडून काय मिळणार? एकदा नीट वाचा, समजून घ्या, मग मिटा. चार वेळा नाही, एकदा.

आणि एकदा उत्तर आलं की तो प्रश्न यादीतून काढायची सवय असेल तर मोडा. २००८ मध्ये कार्पिक आणि रोडिगर यांनीच स्वाहिली भाषेचे ४० शब्द अर्थासह पाठ करायला दिले. शब्द एकदा बरोबर आला की काही गटांत त्याचं वाचन बंद केलं, काही गटांत त्याची परीक्षा बंद केली. वाचन बंद केल्याने काही बिघडलं नाही, आठवड्याने सुमारे ८० टक्के शब्द आलेच. परीक्षा बंद केली तिथं मात्र ३५ टक्क्यांच्या आसपास उरले. "हे आलं, सोडा" हे वाक्य अभ्यासिकेत रोज ऐकू येतं. सगळ्यात महाग वाक्य तेच.

चिठ्ठीबहाद्दर

मॅडमनी का ते सांगितलं, मी कसं ते सांगतो.

ए-फोर कागद तीनदा दुमडला की आठ चिठ्ठ्या निघतात, प्रत्येकी ७.४ × १०.५ सेंमी. ५०० चिठ्ठ्यांना ६३ कागद. साधा झेरॉक्सचा कागद घेतला तर एक घोळ होतो: मागचं उत्तर उजेडात दिसतं, नाहीतर बॉलपेनचा ठसा पुढून वाचता येतो. मग डोकं आठवत नाही, बोटं वाचतात. जुन्या लग्नपत्रिकांचा जाड कागद यासाठी उत्तम, दोन्ही बाजू कोऱ्या असल्या तर फारच छान. एका बाजूला प्रश्न, दुसऱ्या बाजूला उत्तर.

एका चिठ्ठीवर एकच गोष्ट. "जायकवाडीची माहिती" अशी चिठ्ठी निरुपयोगी, कारण तिला बरोबर-चूक म्हणताच येत नाही. असं लिहा:

नाथसागर हा कोणत्या धरणाचा जलाशय? / जायकवाडी
माजलगाव धरण कोणत्या नदीवर? / सिंदफणा
मांजरा धरण कोणत्या गावाजवळ? / धनेगाव, ता. केज
निम्न तेरणा प्रकल्प कुठे? / माकणी

आणि उलटी चिठ्ठी वेगळी करा. "सिंदफणेवर मोठं धरण कोणतं?" हा प्रश्न "माजलगाव कोणत्या नदीवर?" यापेक्षा वेगळा आहे. एक आला म्हणजे दुसरा येईलच असं नाही. पेपर काढणारा कोणत्या बाजूने येईल ते आपल्या हातात नसतं.

नियम चार आहेत. चिठ्ठी उचलली की उत्तर तोंडाने म्हणायचं किंवा रफ वहीत लिहायचं, मनात नाही. मनातलं उत्तर आपण उलटून बघितल्यावर गुपचूप दुरुस्त करतो. निदान दहा सेकंद थांबल्याशिवाय उलटायची नाही. "जिभेवरच होतं" म्हणजे चूक. आणि प्रत्येक फेरीआधी गठ्ठा पत्त्यांसारखा पिसायचा. न पिसता चार दिवस केलं तर "विष्णुपुरीनंतर येलदरी येतं" एवढंच पाठ होतं, नदी नाही.

आता दिवसांचं गणित. रोज नवीन १५. त्या दिवशी प्रत्येक चिठ्ठी तीनदा बरोबर येईपर्यंत फिरवा, पण लागोपाठ तीनदा नाही. मधे बाकीच्या चिठ्ठ्या जाऊ द्या. केंट स्टेट विद्यापीठाच्या कॅथरीन रॉसन आणि जॉन डनलॉस्की यांनी २०११ मध्ये हाच हिशेब मांडला होता: पहिल्या बैठकीत तीनदा बरोबर, नंतर अंतराअंतराने आणखी तीन बैठका. त्याहून जास्त घासलं तर वेळेच्या मानाने फायदा कमी.

नंतरच्या फेऱ्या: दुसऱ्या दिवशी, चौथ्या दिवशी, बाराव्या, तिसाव्या आणि साठाव्या दिवशी. तिसरीनंतर अंतर एवढं कामून, असं कुणीतरी विचारणारच. २००८ मध्ये निकोलस सेपेडा, हॅरल्ड पॅश्लर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेराशेहून जास्त लोकांना अशीच सुटी माहिती शिकवली आणि उजळणीचं अंतर बदलून पाहिलं. परीक्षा आठवड्यावर असेल तर फायद्याचं अंतर त्या मुदतीच्या २० ते ४० टक्के आलं. परीक्षा वर्षावर असेल तर ५ ते १० टक्के. तीन महिन्यांसाठी मोठ्या फेऱ्यांत दोन-तीन आठवडे आणि त्याच्या पुढचं अंतर बसतं. रोज रोज तेच तेच काढणं म्हणजे दोर ढिला पडायच्या आत ओढणं.

रोजचा भार: महिन्यानंतर १५ नवीन आणि ६० च्या आसपास जुन्या; चुकलेल्या धरल्या तर जुन्याच ७५. एका चिठ्ठीला दहा सेकंद धरले तर जुन्यांना १२-१३ मिनिटं, नवीन १५ ना वीस मिनिटं. पाऊण तासात आटपतं. नवीन चिठ्ठ्या ४५ व्या दिवशी बंद करा, तोवर ६७५ होतात, भरपूर झाल्या. नंतर आलेल्या चिठ्ठीला साठाव्या दिवसाची फेरी मिळतच नाही.

बुटाच्या खोक्यात पुठ्ठे लावून पाच कप्पे करा. बरोबर आली की पुढच्या कप्प्यात, चुकली की थेट पहिल्या. जर्मनीच्या सेबास्टियन लाइटनरने १९७० च्या दशकात लोकप्रिय केलेली ही पद्धत आहे. अँड्रॉइड मोबाइलवर हेच काम 'अँकी' हे अॅप फुकटात करतं, ते आपणहून रोज २० नवीन देतं, ते आधी १५ करून घ्या. फोनचा तोटा एकच, आणि तो सगळ्यांना माहीत आहे.

औसा_रोड

धन्यवाद दोघांचे. पण पेपर तर बहुपर्यायी येतो. मग चिठ्ठीवर उत्तर आठवून लिहायची मेहनत कशाला, थेट चार पर्यायांचे प्रश्नसंचच सोडवले तर? आणि तिसरा प्रश्न तसाच राहिला, चुकीचं डोक्यात बसण्याचा.

तेरणाकाठ

तुमचा हा पर्यायांचा प्रश्न आणि तिसरा प्रश्न एकच आहे हो.

भीती खरी आहे, पण अर्धी. रोडिगर आणि एलिझाबेथ मार्श यांनी २००५ मध्ये दाखवलं की बहुपर्यायी परीक्षा दिल्याने पुढच्या परीक्षेत एकूण फायदाच होतो, पण सोबत काही चुकीचे पर्यायही खरे म्हणून परत येतात. पर्याय जितके जास्त आणि अभ्यास जितका कच्चा, तितकं हे जास्त. लक्षात घ्या, त्या प्रयोगात बरोबर उत्तर सांगितलं गेलं नव्हतं. नंतर, २००८ मध्ये अँड्र्यू बटलर आणि रोडिगर यांनी उत्तरं तपासू दिली, तेव्हा चुकीच्या पर्यायांचं परत येणं बरंच कमी झालं, आणि फायदा वाढला. म्हणजे दोष परीक्षेचा नाही, उत्तरतालिका न बघण्याचा. आपल्याकडे "४३ आले, कट ऑफ किती लागेल" एवढं मोजून संच बाजूला टाकतात, तिथंच विष राहतं.

त्याच प्रयोगात उत्तर लगेच प्रश्नागणिक दाखवण्यापेक्षा संपूर्ण संच झाल्यावर दाखवणं थोडं सरस ठरलं. तेव्हा २५ प्रश्न सोडवा, मग तपासा. उद्यावर मात्र टाकू नका. उद्या कुणी तपासत नाही.

आता संच सोडवायची रीत. पर्यायांवर तळहात किंवा वही ठेवा. प्रश्न वाचा, उत्तर म्हणा, मगच हात काढा. एवढ्यानं बहुपर्यायी प्रश्नाचा आठवून लिहायचा प्रश्न होतो. पर्याय आधी दिसले की डोकं आठवत नाही, ओळखतं. ओळखणं सोपं आणि कमी टिकाऊ. पेपर बहुपर्यायीच असला तरी दोन पर्यायांत अडकल्यावर निकाल लावते ती आठवणच.

तपासताना नुसतं बरोबर अक्षर गोल करू नका. प्रश्न समजा असा आहे: पूर्णा नदीवरचं धरण कोणतं? येलदरी, माजलगाव, विष्णुपुरी, मांजरा. उत्तर येलदरी. आता उरलेल्या तिघांचे प्रश्न तुम्ही तयार करा: माजलगाव सिंदफणेवर, विष्णुपुरी गोदावरीवर नांदेडजवळ, मांजरा धरण मांजरेवर. एका प्रश्नात चार झाले. यातलं एखादं जमलं नाही तर त्याची चिठ्ठी करा. चांगल्या संचाची ओळखही हीच, चुकीचे पर्याय कशाचं तरी बरोबर उत्तर असतात. ज्यात पर्यायांमध्ये 'गंगा' आणि 'नर्मदा' टाकून जागा भरलीय तो संच रद्दीत घाला.

टेलिग्रामवरच्या क्विझचंही सांगतो. बोट लावलं की लगेच हिरवं-लाल, आणि किती टक्के लोकांनी काय निवडलं तेही. उत्तर तपासायला मिळतं हे चांगलं. पण दिवसाला दोनशे प्रश्न दाबले आणि एकही परत आला नाही, तर तो अभ्यास नाही, पत्ते आहेत.

आणखी एक. उत्तराशेजारी खूण करा: खात्री असेल तर बरोबरची, अंदाज असेल तर प्रश्नचिन्ह. खात्रीने चुकलेलं उत्तर, बरोबर कळल्यावर, उलट चांगलं दुरुस्त होतं, धक्का बसतो ना. ब्रॅडी बटरफील्ड आणि जॅनेट मेटकाफ यांनी २००१ मध्ये हे मांडलं. पण मधे दिवस गेले आणि बरोबर उत्तर विसरलं की जुनी खात्रीची चूक पुन्हा वर येते. म्हणून त्या प्रश्नांना दोन दिवसांत परत धरा. अंदाजाने बरोबर आलेल्यांनाही चुकलेल्यांत धरा. एमपीएससीत चुकीला त्या प्रश्नाच्या गुणांचा पाव हिस्सा कापतात, तिथं आपला अंदाज कितपत लागतो हेही या प्रश्नचिन्हांवरून कळतं.

शंकासुर

सगळं ठीक आहे. पण मग आपल्याकडे लातूर पॅटर्नच्या नावाखाली वर्षानुवर्षं परीक्षांवर परीक्षा होतात, रविवारी सकाळी सातला पेपर, तरी बारावी झाल्यावर चार महिन्यांत पोरांच्या डोक्यात काही उरत नाही. परीक्षेने एवढं टिकत असेल तर ते गेलं कुठे? आणि त्या टेन्शनचं काय?

पाटीपेन्सिल

रास्त शंका. परीक्षा नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी चालतात. एक, पोराला ओळीत उभं करायला घेतलेली. दुसरी, पोराच्या लक्षात राहावं म्हणून घेतलेली. पहिलीत फलकावर गुण लागतात, उत्तरपत्रिका हातात येत नाही, किंवा आली तरी चौथ्या दिवशी, आणि कुठला प्रश्न परत विचारला जात नाही. प्रकरण चारचा पेपर झाला की प्रकरण चार संपलं. स्वाहिली शब्दांचा तो प्रयोग आठवा, परीक्षा बंद झाली तिथं पस्तीस उरले. लातूरला भरपूर सराव होतो हे खरं आणि त्याचं फळ बोर्डाच्या निकालात दिसलंही आहे. पण बोर्डाची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये असते, आणि त्यानंतर कुणी काही विचारत नाही. उरणार कशाला?

उपाय साधा आहे, पेपर साखळीचा करा. २० प्रश्नांत ८ या आठवड्याचे, ८ गेल्या महिन्यातले, ४ त्याआधीचे. शिक्षकाला जास्त काम नाही, जुन्याच संचातून उचलायचे. पोरं आधी चिडतात कारण गुण घसरतात. घसरू द्या.

टेन्शनबद्दल: गुण लावले की वाढतं, नुसतं विचारलं तर नाही. अमेरिकेत माध्यमिक-उच्च माध्यमिकच्या चौदाशेवर विद्यार्थ्यांना वर्गातल्या अशा प्रश्नोत्तरांबद्दल विचारलं, तर ७२ टक्के म्हणाले परीक्षेची धास्ती कमी झाली. आणि २०१६ चा एक प्रयोग तुमच्यासाठी खास. एमी स्मिथ आणि सहकाऱ्यांनी काहींना शब्द आणि चित्रं वाचून पाठ करायला लावली, काहींना आठवून आठवून. दुसऱ्या दिवशी मुद्दाम ताण दिला, सगळ्यांसमोर भाषण करायला आणि अवघड गणितं सोडवायला लावली. वाचून पाठ केलेल्यांची स्मृती ताणात ढासळली, आठवून पाठ केलेल्यांची टिकून राहिली. परीक्षा केंद्रावर हात थरथरत असताना काय कामाला येतं ते यावरून ओळखा.

झेडपीचे_गुरुजी

प्राथमिक वर्गासाठी थोडक्यात. तासाच्या सुरुवातीला पाच प्रश्न, सहा मिनिटं: दोन कालचे, दोन गेल्या आठवड्याचे, एक महिन्यापूर्वीचा. हात वर करायला लावू नका, तीच तीन पोरं आठवतात आणि बाकीची ऐकतात. सगळ्यांनी पाटीवर लिहायचं, "पाटी वर" म्हटलं की एकदम दाखवायचं. प्रश्न विचारल्यावर मनात दहा मोजा, दोन सेकंदात गुरुजींनीच उत्तर सांगितलं तर आठवलं कुणी, गुरुजींनी. उत्तर फळ्यावर लिहा, ज्याचं चुकलं त्याने पुसून बरोबर लिहायचं. रजिस्टरमध्ये गुण नाहीत. जोडीने प्रश्न विचारायला लावले तर आधी एक शिकवावं लागतं: मित्र अडला की पहिलं अक्षर सांगायचं, पूर्ण उत्तर नाही.

धडा शिकवायच्या आधीच दोन प्रश्न विचारून टाकले, पोरांनी काहीही अंदाज केला आणि मग धड्यात उत्तर सापडलं, तर तेही जास्त बसतं. नेट कॉर्नेल आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये हे दाखवलंय. चुकीच्या उत्तराने बिघडत नाही, बरोबर उत्तर पाठोपाठ आलं पाहिजे.

औसा_रोड

हाव, कळलं. एक गाठ अजून सुटली नाही. एकसारख्या तारखांचा गोंधळ होतोय. जालना, सिंधुदुर्ग १ मे १९८१. हिंगोली, गोंदिया १ मे १९९९. लातूर १६ ऑगस्ट १९८२, गडचिरोली २६ ऑगस्ट १९८२. जितकं म्हणून बघावं तितकं एकमेकांत घुसतंय. इथं परीक्षेने उलट वाईट होतंय का?

चिठ्ठीबहाद्दर

अर्धवट परीक्षेने होतं. एका गटातल्या निम्म्याच गोष्टी पुन्हा पुन्हा आठवल्या की उरलेल्या निम्म्या, ज्यांना हातही लावला नाही, त्या मागे ढकलल्या जातात. मायकेल अँडरसन आणि बियॉर्क दांपत्याने १९९४ मध्ये फळं, पेयं अशा याद्यांवर हे दाखवलं. तुम्ही मराठवाड्यातले तीन जिल्हे घोटून घोटून म्हणत असाल तर सिंधुदुर्ग-गोंदिया-गडचिरोली त्यामुळेच निसटत असणार. गट धरला तर पूर्ण धरा.

पण एकाच दिवशी सहाही नवीन घालू नका. आज लातूर आणि हिंगोली, चार दिवसांनी जालना, मग बाकीचे. सगळे वेगवेगळे पक्के झाल्यावर एक जोड-चिठ्ठी करा, समोर फक्त प्रश्न: ऑगस्ट १९८२ मध्ये कोणते दोन जिल्हे, कोणता आधी, किती दिवसांनी दुसरा? उत्तर: आधी लातूर, दहा दिवसांनी गडचिरोली. "१ मे ला झालेले चार जिल्हे, दोन जोड्यांत सांगा" ही दुसरी.

तेरणाकाठ

त्यात मूळ जिल्ह्याचा खिळा ठोका. लातूर तेव्हाच्या उस्मानाबादमधून, गडचिरोली चंद्रपुरातून, जालना तेव्हाच्या औरंगाबादमधून, सिंधुदुर्ग रत्नागिरीतून, हिंगोली परभणीतून, गोंदिया भंडाऱ्यातून. तारखेला धरायला काहीतरी मिळतं. नुसता आकडा हवेत लटकतो.

असाच घोळ १९९४ चा आहे: १४ जानेवारीला मराठवाडा विद्यापीठाचा नामविस्तार, १७ सप्टेंबरला नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठाची स्थापना. दुसरी तारीख मुक्तिसंग्राम दिनाची, म्हणून ती सुटत नाही. पण साल विचारलं की पोरं १९४८ लिहून मोकळी होतात. आणि पूर्णा दोन आहेत हे विसरू नका. येलदरीची पूर्णा अजिंठ्याच्या डोंगरातून निघून गोदावरीला मिळते, विदर्भातली पूर्णा तापीला. चिठ्ठीवर नुसतं 'पूर्णा' लिहिलं तर ती चिठ्ठीच चुकीची.

औसा_रोड

शेवटचं विचारतो. पेपरच्या आदल्या संध्याकाळी पूर्ण सराव पेपर द्यायचा का?

पाटीपेन्सिल

नको. पूर्ण पेपरची कमाई काही दिवसांनी दिसते, तुमच्याकडे रात्र आहे. पहिल्या प्रयोगात पाच मिनिटांनी घेतलेल्या परीक्षेत वाचणारेच पुढे होते, ८१ ला ७५, तो फायदा इथं उचला. पहिल्या कप्प्यात उरलेल्या, म्हणजे सतत चुकणाऱ्या चिठ्ठ्या तेवढ्या वेगळ्या काढा, ३०-४० असतील. आदल्या रात्री त्या एकदा आठवून बघा आणि झोपा. सकाळी केंद्राच्या फाटकाबाहेर त्याच चिठ्ठ्यांची उत्तराची बाजू दोनदा सरळ वाचून काढा, आता आठवत बसू नका. आत नेता येणार नाहीत, बाहेर बॅगेत ठेवा. बाकीच्या सहाशेंना त्या दिवशी हात लावायचा नाही.